पूल पडल्यावर काय काय थांबतं : बाल्टिमोर, सावित्री आणि आपली तापी

तापीकाठ (धुळे) | २ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

माझा धंदा ट्रान्सपोर्टचा. चार गाड्या घरच्या, बाकी लोकांच्या गाड्यांना भाडं मिळवून द्यायचं. त्यामुळे कुठे पूल पडल्याची बातमी आली की आधी माणसं किती गेली ते वाचतो आणि मग नकाशा उघडून बसतो. आता गाड्या कुठून फिरत असतील, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पुलाचं तसंच झालं. २६ मार्च २०२४. रात्री दीडच्या सुमारास 'डाली' नावाचं कंटेनर जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि काही सेकंदांत पुलाचा मधला भाग नदीत गेला. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. जहाज सुमारे ३०० मीटर लांब, त्यावर साडेचार हजारांहून जास्त कंटेनर, निघालं होतं कोलंबोला. गेल्या महिन्यात तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीचे निष्कर्ष सांगितले. ते वाचले आणि राहवेना म्हणून हा धागा काढला.

आधी बंदराचं सांगतो. हा पूल बंदराच्या तोंडावर होता. तो पडला आणि बंदराचं दार लागलं. आत दहाएक जहाजं अडकली, बाहेरची आत येईनात. अमेरिकेत मोटारगाड्या उतरवण्यात हे बंदर तेव्हा पहिल्या नंबरचं होतं. २०२३ साली तिथून साडेआठ लाखांच्या आसपास गाड्या आणि छोटे ट्रक गेले-आले. शिवाय ट्रॅक्टर, हार्वेस्टर, कोळसा. हा सगळा माल एका रात्रीत बेवारशी झाला. जहाजं नॉरफोक, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडे वळवली. न्यूयॉर्कला उतरलेले कंटेनर बाल्टिमोरला परत आणायला रेल्वे कंपन्यांनी खास गाड्या सोडल्या. स्पॅरोज पॉइंटचा धक्का पुलाच्या समुद्राकडच्या अंगाला होता, तेवढा चालू राहिला. त्याच्यावर मग मोटारगाड्यांची जहाजं लागली.

मार्ग एकदम उघडला नाही. आधी उथळ बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, जातील एवढीच वाट केली, एप्रिलच्या शेवटी ३५ फूट खोलीची. २० मेला डालीच बाजूला काढली आणि १० जूनला मूळची ५० फूट खोल, ७०० फूट रुंद वाट पूर्ण मोकळी झाली. अकरा आठवडे. नदीतून सुमारे पन्नास हजार टन लोखंड आणि काँक्रीट उपसलं.

म्हणजे पाण्यातली वाट अकरा आठवड्यांत उघडली. रस्त्याची वाट आजही बंद आहे, आणि माझा जीव त्यातच अडकलाय. त्या पुलावरून रोज तीस हजारांहून जास्त वाहनं जात. मोटारींना खाडीखालचे दोन बोगदे आहेत. पण गॅस, पेट्रोल, केमिकल वाहणाऱ्या गाड्यांना बोगद्यात बंदी. त्यांना हा पूल हीच सरळ वाट होती. आता त्यांनी शहराला पश्चिमेकडून पूर्ण वळसा घालायचा. नवा पूल आधी २०२८ ला होणार होता, आता २०३० च्या अखेरीचं सांगतात आणि खर्चाचा अंदाज दुपटीच्या वर गेलाय. इतकी वर्षं त्या टँकरवाल्यांनी रोज तो फेरा मारायचा.

वळसा म्हणजे काय हे ऑफिसात बसलेल्याला कळत नाही. डिझेल वाढतं ते दिसतं. पण दिवसाला दोन फेऱ्या करणारी गाडी दीड फेरीवर येते, आणि अर्धी फेरी नावाची चीज धंद्यात नसते. ती एकच फेरी होते. हप्ता मात्र दोन फेऱ्यांच्या हिशेबाने ठरवलेला असतो. दोन पावसाळ्यांपूर्वी तापीवरच्या एका पुलाचा भराव खचला आणि जड वाहनं बंद केली, तेव्हा माझ्याकडच्या एका गाडीमालकाची गाडी त्या वळशाच्या तोट्यातच गेली. त्याचं नाव सांगत नाही. भाडं ठरलेलं होतं, पार्टी वाढवून देईना, तो रोज उलटा फिरत राहिला. पूल बंद केला ते बरोबरच केलं. पण बंद केल्याची खबर आम्हाला पुलावर गेल्यावर मिळाली. माल भरलेली दहाचाकी अरुंद रस्त्यावर मागे वळवून बघा एकदा.

तुमच्या भागातलं सांगा. जहाजावरची, पुलाची कामं केलेली मंडळी इथे आहेत हे मला माहीत आहे.

---

इंजिनरूम (मूळ चोपडा, सध्या सुट्टीवर) | २ डिसेंबर, रात्री ११.१५

तापीकाठ दादा, चांगला विषय काढला. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. डालीवर २१ जणांचा क्रू होता, त्यातले २० आपले भारतीय, एक श्रीलंकेचा. त्या रात्री माझ्या आईने घरून फोन केला होता, 'तू त्या बोटीवर नाहीस ना?' चोपड्यात बसून तिला सगळ्या बोटी सारख्याच.

झालं काय ते सोपं करून सांगतो. बंदरातून निघताना जहाजावर स्थानिक पायलट असतात, तिथलं पाणी ओळखणारे. टग जहाजाला धक्क्यापासून ओढून वळवून देतात आणि परत जातात. डालीच्या बाबतीत टग परत गेले होते. पूल जेमतेम एक किलोमीटरवर असताना जहाजावरची वीज गेली. आम्ही त्याला ब्लॅकआउट म्हणतो. वीज गेली म्हणजे दिवे गेले इतकंच नसतं. सुकाणू फिरवणारे पंप बंद, इंजिनाला थंड ठेवणारे पंप बंद, आणि इंजिन स्वतःला वाचवायला बंद पडतं. वीज परत आणली तर ती दुसऱ्यांदा गेली. पहिल्या ब्लॅकआउटपासून धडकेपर्यंत चार मिनिटं. पायलटने नांगर टाकायला सांगितलं, टग परत बोलावले, सुकाणू वळवायला सांगितलं. एवढं वजन सात-आठ नॉटच्या वेगाने चाललेलं असलं की चार मिनिटांत थांबत नाही. वाळूने भरलेला ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये सुटला असं समजा, आणि तो ट्रक एक लाख टनांचा आहे.

आता कारण ऐका. पहिल्या ब्लॅकआउटचं मूळ एक सुटलेली वायर निघालं. वायरीवर नाव लिहिलेली छोटी पट्टी असते ना, ती अशी बसवली होती की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नाही. सैल राहिली, कधीतरी निसटली, ब्रेकर पडला. मी त्या दिवशी बराच वेळ काही बोललो नाही. अशा हजारो वायरी आमच्या बोटीवर असतात आणि प्रत्येक ओढून बघणं हेही आमचंच काम असतं.

दुसरं, जे फार कुणी लिहिलं नाही. धडकेनंतर तो क्रू जहाजावरच राहिला. पुलाचा सांगाडा जहाजाच्या नाकावर पडलेला. १३ मेला तो सांगाडा सुरुंग लावून कापला, तेव्हाही पोरं आतच होती. त्यांचे फोन तपासाला घेतलेले. घरच्यांशी बोलायची पंचाईत. सगळ्या जगाला बोट दिसत होती, आतली माणसं कोणाला दिसत नव्हती.

---

अमळनेरची_बोरी | ३ डिसेंबर, सकाळी ७.०५

वाचलं, वाईट वाटलं. पण एक विचारते. आपल्याकडे जहाज कुठे आहे? तापीत उन्हाळ्यात पाय भिजत नाही. तिकडच्या पुलावरून आपण काय शिकायचं?

---

केळीबाग_रावेर | ३ डिसेंबर, सकाळी ८.३०

बोरीताई, जहाज तापीत नाही पण आमचा माल जहाजावरच जातो. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. गेली काही वर्षं आमच्याकडचा चांगला माल आखाताकडे आणि इराणकडे जातो. शेतातच फण्या धुऊन, निवडून, १३ किलोच्या बॉक्समध्ये भरून रीफर कंटेनरमध्ये टाकतो. आत १३-१४ अंश ठेवावे लागतात. तिथून मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर. जहाजाची वेळ ठरलेली असते. कंटेनर वेळेत धक्क्यावर पोचला नाही तर ते जहाज गेलं, पुढच्याची वाट बघा. केळी वाट बघत नाही. एकदा आत पिकायला लागली की एक बॉक्स बाकीच्या बॉक्सांना पिकवतो.

दिल्लीच्या मालाचं निराळं. सावदा आणि रावेर स्टेशनवरून रेल्वेने जातो, बाकीचा ट्रकने. ट्रकचा माल हिरवा कापलेला असतो, दोन-तीन दिवसांत मंडीत पोचायला हवा. मागे एकदा आमच्या भागातला पूल दुरुस्तीला काढला होता. व्यापाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, 'गाडीला फेरा पडतोय, भाव कमी धरतो.' पूल सुरू झाल्यावर भाव परत वर यायला किती दिवस लागले माहितेय? फेरा संपला तरी कपात चालू राहिली. त्यावर कुणाकडे दाद मागायची? कापणीचा घड झाडावर आणखी पंधरा दिवस ठेवता येत नाही, हे त्यालाही माहीत असतं.

म्हणून मला बाल्टिमोरच्या बातमीत ट्रॅक्टर-हार्वेस्टर वाचून तिकडच्या शेतकऱ्याची आठवण आली. पूल मार्चच्या शेवटी पडला. पेरणीच्या तोंडावर यंत्र अडकलं असेल तर तो कुणाच्या नावाने बोटं मोडणार?

---

लळिंगघाट (ड्रायव्हर) | ३ डिसेंबर, दुपारी २.२०

भाऊ, तुमनं म्हननं खरं शे. वळसा आम्हाला विचारा.

मी सोळा वर्षं गाडी चालवतो. मधली चार वर्षं कांडला बंदरातून कोळसा भरून राजस्थान-पंजाबच्या वीटभट्ट्यांवर नेत होतो. त्यातला पुष्कळ कोळसा अमेरिकेतून यायचा, बाल्टिमोरहूनच. त्याला आच जास्त म्हणून भट्टीवाले तोच मागायचे. मी तेव्हा ते नाव नुसतं बिल्टीवर वाचायचो. पूल पडला तेव्हा मी ते काम सोडलं होतं, पण जुने सोबती फोनवर सांगायचे, कोळशाचं काय होतं म्हणून व्यापारी धास्तावलेत. अमेरिकेतल्या नदीत पूल पडतो आणि कांडल्याच्या ढाब्यावर त्याची चर्चा. तवा मला पटलं की रस्ता एकच असतो, मधे पाणी असलं तरी.

पण मला सांगायचं ते वेगळं. त्या पुलावर मेलेले सहाही जण खड्डे भरणारे मजूर होते. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोरची माणसं, घर सोडून आलेली. रात्री एक-दीडला, ट्राफिक कमी म्हणून काम करत होते. आपल्याकडे लळिंग घाटात, सावळद्याच्या पुलावर, रात्री असेच दिसतात. डांबराची टाकी, एक मिणमिणती बत्ती, पोतं अंगावर घेतलेलं. आपण हॉर्न मारून निघून जातो. मी तरी आता गाडी हळू करतो.

---

खांबगाळा (जळगाव) | ३ डिसेंबर, रात्री १०.००

मी स्थापत्य अभियंता आहे, पुलांच्या कामावर बरीच वर्षं काढली. बोरीताईंच्या प्रश्नाला उत्तर देते, थोडं लांबेल.

तो पूल १९७७ साली सुरू झालेला, लोखंडी सांगाड्याचा. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ३६६ मीटर. त्याची रचना अशी की एक मोठा खांब गेला की वरचं लोखंड स्वतःला धरून ठेवू शकत नाही. सगळे गाळे एकमेकांच्या आधारावर. म्हणून तो पत्त्यांसारखा पडला. लोखंड गंजलेलं होतं, काम कच्चं होतं, असलं काही नाही. खांबाला एवढी धडक सोसणारं संरक्षण नव्हतं. पाण्यात खांबांच्या आसपास मोठे गोल बांध उभारतात, डॉल्फिन म्हणतात त्यांना. जहाज आधी त्यांच्यावर आदळतं. इथे ते होते, पण चार आणि छोटे.

आणि असं होऊ शकतं हे माहीत नव्हतं असंही नाही. १९८० साली फ्लोरिडात सनशाइन स्कायवे पुलावर जहाज आदळलं, ३५ माणसं गेली. नवा पूल बांधताना त्यांनी खांबांभोवती भक्कम डॉल्फिन उभारले. त्याच १९८० साली याच बाल्टिमोरच्या पुलाला एक कंटेनर जहाज धडकलं होतं. छोटं होतं, थोडक्यात निभावलं. नंतरच्या चाळीस वर्षांत जहाजं कितीतरी पटींनी वाढली, खांब होता तिथेच होता. चौकशी मंडळाने म्हटलंय की धोक्याचं गणित मांडण्याची पद्धत उपलब्ध होती, ते मांडलं गेलं नाही.

आता तापी-गिरणा. आपल्या नदीतलं जहाज म्हणजे पूर. पूर खांबाला समोरून धक्का देतो ते दिसतं. खांबाच्या पायाशी भोवरा होऊन वाळू उकरली जाते ते दिसत नाही. पूर ओसरला की खड्डा गाळाने भरतो आणि वरून सगळं ठीक वाटतं. त्यात आपण वाळू उपसतो. गिरणेचं पात्र बघा. पुलाच्या आसपास उपसा झाला की पात्र खाली जातं, आणि जो पाया जमिनीत असायला हवा तो उघडा पडतो. मी तरुणपणी एका पुलाच्या पायाची तपासणी केली होती. जुन्या नकाशात जिथे वाळूची पातळी दाखवली होती तिथे माझ्या डोक्याइतकी उंच पोकळी होती. अहवाल दिला. पुढे काय झालं ते त्या कार्यालयालाच ठाऊक.

सावित्री आठवा. २ ऑगस्ट २०१६, महाडजवळ, रात्र, पाऊस, नदीला पूर. इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल. दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. जवळच्या गॅरेजातल्या माणसाला पूल नाही हे कळलं आणि त्याने येणारी वाहनं थांबवली, म्हणून आकडा तिथेच थांबला. नवा पूल १६५ दिवसांत बांधला. म्हणजे ठरवलं तर होतं. आणि यंदाच्या ९ जुलैला गुजरातेत महीवरचा गंभीरा पूल. १९८५ चा, म्हणजे म्हातारासुद्धा नाही. त्याच्या तुटलेल्या टोकावर एक टँकर जवळजवळ महिनाभर लटकून होता. तापीकाठ, तुमच्या गाड्या त्या बाजूला जात असतील.

---

तापीकाठ | ४ डिसेंबर, रात्री ८.१०

ताई, जातात. भरूच-वडोदरा आमचं नेहमीचं. त्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरांना एकेक करून फोन केले होते. शेवटच्याने उचलेपर्यंत जेवलो नाही.

तुम्ही गॅरेजवाल्याचं लिहिलं, त्यावरून मला जे म्हणायचं होतं ते सापडलं. बाल्टिमोरला पायलटने धोक्याचा निरोप दिला आणि दीड मिनिटाच्या आत पोलिसांनी पुलाच्या दोन्ही टोकांना वाहनं अडवली. त्यामुळे पूल पडला तेव्हा त्याच्यावर चालती मोटार नव्हती. किती माणसं वाचली असतील! पण तो निरोप मधे काम करणाऱ्या आठ जणांपर्यंत गेला नाही. एक जण पळत सुटला, एक पाण्यातून निघाला, सहा गेले. चौकशीत म्हटलंय की पोलिसांना कळलं त्याच वेळी त्यांनाही कळवलं असतं, तर गाडी घेऊन न पडलेल्या भागावर जायला कदाचित वेळ पुरला असता. त्यांच्या गाड्या जवळच उभ्या होत्या.

मला हे वाचून झोप आली नाही. टोकावरच्याला कळलं, मधल्याला नाही.

आणि आपल्याकडे? समजा उद्या शिरपूरजवळचा सावळद्याचा पूल बंद केला. मुंबई-आग्रा महामार्गाची सगळी जड वाहनं शहादा-खेतियाकडे नाहीतर चोपड्याकडे वळणार. ते रस्ते, त्यावरचे छोटे पूल, किती वजन सोसतात? चोपडा-जळगाव रस्त्यावर विदगावचा पूल, अमळनेरकडे यायला निमगव्हाणचा. एका पुलाचा भार दुसऱ्यावर टाकताना दुसऱ्याला विचारलंय का कुणी?

मी ठरवलंय, आमच्या ऑफिसात एक फळा लावायचा. तापीवरचा प्रत्येक पूल, त्याची वजनाची मर्यादा, बंद झाला तर पर्यायी वाट कोणती, आणि जवळच्या टोकावर राहणाऱ्या एका माणसाचा नंबर. ढाबेवाला, पंक्चरवाला, कोणीही. पूर आला की आधी त्याला फोन. मला पुलांवरचे वजनाचे फलक हवेत. जो ज्याच्या वाटेवर आहे त्याने वाचून सांगा.

---

केळीबाग_रावेर | ४ डिसेंबर, रात्री ८.४५

भुसावळ-यावल रस्त्यावरचा मी बघतो. परवा जाणारच आहे.

---

अमळनेरची_बोरी | ४ डिसेंबर, रात्री ९.३०

माझं आधीचं वाक्य मागे घेते. निमगव्हाणच्या पुलाजवळ माझं माहेर आहे. टोकावर चहाची टपरी आहे, त्या काकांना मी लहानपणापासून ओळखते. फळ्यावर त्यांचा नंबर टाकू, विचारून देते.

---

इंजिनरूम | ६ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

आज मोटारसायकलवर आमच्या बाजूच्या एका पुलावर जाऊन आलो. फलक आहे, पण बाभळीच्या झुडपात गेलाय. घरून विळा नेला होता, फांद्या तोडल्या. टनांचा आकडा उन्हाने उडालाय, नुसतं 'वजन मर्यादा' एवढंच वाचता येतं. फोटो काढलेत, सोमवारी अर्जाला जोडून देतो. ताई, अर्ज कुणाच्या नावाने करायचा आणि पायाच्या तपासणीचं त्यात कसं लिहायचं, तेवढं सांगा.

---

खांबगाळा | ६ डिसेंबर, रात्री ९.२०

कार्यकारी अभियंत्याच्या नावाने करा. दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा: फलक पुन्हा रंगवणे, आणि मागच्या पावसाळ्यानंतर पाण्याखालच्या पायाची पाहणी झाली असल्यास तिची तारीख व प्रत. पोच घ्या, शिक्का बघून घ्या. मसुदा आज रात्री लिहून इथेच टाकते, म्हणजे बाकीच्यांनाही आपापल्या पुलासाठी वापरता येईल.